सर्व्हर पुसला, तर पुन्हा उभा राहील का?

मागच्या अंकात मी घरी किंवा भाड्याच्या यंत्रावर स्वतःचा सर्व्हर चालवण्याविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरतात: हे सगळं हातानं बसवण्याऐवजी आपोआप, पण सुरक्षित, कसं बसवायचं? त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: ताई, मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. घरी एका जुन्या छोट्या पीसीवर नेक्स्टक्लाउड (फायलींसाठी), व्हॉल्टवॉर्डन (पासवर्डांसाठी), इमिच (फोटोंसाठी) आणि पेपरलेस (कागदपत्रांसाठी) असं सगळं हातानं बसवलं होतं. दिवाळीच्या सुमारास एसएसडी गेली. फायलींचा बॅकअप होता, पण सर्व्हर पूर्वीसारखा करताना फार हाल झाले, कारण कुठे काय बदललं होतं तेच आठवेना. आता एका कमांडमध्ये सगळं उभं करणारी स्क्रिप्ट हवी आहे. नेटवर तयार स्क्रिप्ट मिळतात. एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवली की झालं, असं म्हणतात. ती वापरू, स्वतः बॅशमध्ये लिहू, की अ‍ॅन्सिबल शिकू?
— एक प्राध्यापक, कोल्हापूर

उत्तर: सर, अ‍ॅन्सिबल शिका. सर्व्हरवर काय काय असावं ते लिहून देऊन तसं बसवून घ्यायचं हे साधन. एका यंत्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असं बरेच जण म्हणतात. मला उलट वाटतं. यंत्र एकच असेल तर गरज जास्त. कंपनीत पन्नास सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा रोज त्यांच्याशी संबंध येतो, त्यांना सगळं पाठ असतं. घरच्या सर्व्हरला आपण महिनोन्‌महिने हात लावत नाही आणि बिघडतो त्या दिवशी काही म्हणता काही आठवत नाही. तुमचा वेळ सॉफ्टवेअर बसवण्यात गेलाच नाही, आठवण्यात गेला. त्या यंत्रावर काय काय केलंय याची खरी, चालवून बघता येणारी नोंद हाताशी असावी, म्हणून स्क्रिप्ट लिहायची. वेळ वाचतो तो वरकड.

बॅश आणि अ‍ॅन्सिबल यांत फरक असा, की बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांडच्या भाषेत, आपण कृती लिहितो: अमुक ओळ त्या फाइलच्या शेवटी जोड. स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवली की ती ओळ दोनदा येते. निम्म्यात वीज गेली, तर पुढे कुठून सुरू करायचं ते आपणच शोधायचं. अ‍ॅन्सिबलमध्ये आपण स्थिती लिहितो: या फाइलमध्ये ही ओळ असली पाहिजे. असेल तर ते पुढे जातं, नसेल तर घालतं. म्हणून प्लेबुक, म्हणजे अशा स्थितींची लिहिलेली यादी, कितीही वेळा चालवलं तरी बिघडत नाही. प्लेबुक नीट लिहिलंय का, हे तपासायची माझी पहिली चाचणी हीच: लागोपाठ दोनदा चालवायचं. दुसऱ्या खेपेला शेवटच्या हिशेबात ‘चेंज्ड’पुढे शून्य आलं पाहिजे. नाही आलं, तर कुठेतरी तुम्ही अ‍ॅन्सिबलच्या नावाखाली बॅशच लिहिलंय.

मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटनं ते विकत घेतलं. घरगुती वापरासाठी त्यातली सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे सर्व्हरवर वेगळं काही बसवावं लागत नाही. एसएसएच, म्हणजे दुरून सुरक्षित लॉगिन व्हायची सोय, आणि पायथॉन असलं की पुरे, आणि पायथॉन नसेल तर तेही पहिल्या पायरीत बसवता येतं. प्लेबुक तुमच्या लॅपटॉपवरून चालतं. लॅपटॉप विंडोजचा असेल तर विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल लागेल, एवढंच.

आता त्या एका ओळीच्या तयार स्क्रिप्टबद्दल. ती ओळ इंटरनेटवरून फाइल उतरवते आणि न दाखवता रूट, म्हणजे यंत्रावरच्या सर्वोच्च, अधिकारानं चालवते. ती फाइल आज चांगली असेलही; उद्या तिच्या मालकाचं खातं कुणी फोडलं तर? २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं एक्सझेड या दाबण्या-उलगडण्याच्या लायब्ररीत लपवलेलं मागचं दार जाहीर केलं. एसएसएचनं लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून त्याला संशय आला होता. ते दार उघडणारा कळीचा तुकडा गिटमधल्या, म्हणजे बदलांच्या इतिहासासह ठेवलेल्या, उघड कोडमध्ये नव्हताच, प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे उतरवून घ्यायच्या गठ्ठ्यात, होता. म्हणजे ‘कोड सगळ्यांसमोर आहे, कुणीतरी वाचलाच असेल’ हा भरवसाही पुरत नाही. डेबियन या लिनक्सच्या स्थिर आवृत्तीत लायब्ररीची ती बिघडवलेली आवृत्ती पोचलीच नव्हती, म्हणून ते वापरणारे वाचले. सर्व्हरला मी स्थिर डेबियनच घेते त्याचं हे एक मोठं कारण. सध्या ऑगस्ट २०२५ ची १३ वी आवृत्ती घ्या. इतरांचे तयार रोल, म्हणजे प्लेबुकचे तयार भाग, जरूर वाचा, त्यातून शिका, पण तुमच्या यंत्रावर चालणारी प्रत्येक ओळ तुम्हाला समजलेली असू द्या.

लिहिताना क्रम महत्त्वाचा. आधी स्वतःचा वापरकर्ता आणि त्याची ईडी२५५१९ प्रकारची की, म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली. मग एसएसएचचा पासवर्ड बंद, रूटचं लॉगिन बंद. मग फायरवॉल. मग सुरक्षा अपडेट आपोआप घेणारं पॅकेज, डेबियनमध्ये त्याचं नाव अनअटेंडेड-अपग्रेड्स. त्यानंतर डॉकर (प्रत्येक सेवा कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं), पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरून आलेली मागणी योग्य सेवेकडे पोचवणारा), मग एकेक सेवा आणि शेवटी बॅकअप. बॅकअपची पायरी ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. ज्या दिवशी सेवा प्लेबुकमध्ये येते, त्याच दिवशी तिचा बॅकअपही त्यात यावा.

यातली एसएसएचची पायरी माणसाला स्वतःच्याच घराबाहेर कोंडू शकते. अ‍ॅन्सिबलच्या टेम्प्लेटमध्ये ‘व्हॅलिडेट’ नावाची सोय आहे: नवी फाइल जागेवर ठेवण्याआधी एसएसएचलाच ती तपासायला सांगते, चूक असेल तर जुनी फाइल तशीच राहते. ती वापरा. शिवाय एक उघडं लॉगिन दुसऱ्या खिडकीत चालू ठेवून तिसऱ्या खिडकीतून आत येता येतं का ते बघा. आणखी एक खाचखळगा भाड्याच्या यंत्रांवर भेटतो. एसएसएच एका सेटिंगची पहिली सापडलेली किंमत धरतं आणि नव्या यंत्राची पहिली मांडणी करणारं क्लाउड-इनिट कधी कधी वेगळ्या फोल्डरमध्ये ‘पासवर्ड चालू’ असं लिहिलेली छोटी फाइल आधीच ठेवून देतं. मुख्य फाइलमध्ये तुम्ही ‘बंद’ लिहिता, आणि पासवर्ड चालूच राहतो. म्हणून फाइल वाचून समाधान मानू नका. एसएसएचला त्याची अंतिम सेटिंग्ज छापायला सांगा आणि प्लेबुकच्या शेवटी तेच तपासणारी पायरी घाला.

फेलटूबॅन, म्हणजे पुन्हा पुन्हा चुकीचं लॉगिन करणाऱ्याला अडवणारं सॉफ्टवेअर, बसवू का, असं पुढे विचाराल. बसवा, पण लॉगिन फक्त कीनं होत असेल तर त्यामुळे लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा फारशी वाढत नाही. एसएसएचचा पोर्ट, म्हणजे यंत्रावरचा त्याचा दरवाजा क्रमांक, २२ वरून हलवण्याचंही तसंच.

आता सगळ्यांत जपायची गोष्ट: गुपितं. डेटाबेसचे पासवर्ड, डोमेनचं टोकन, बॅकअपची किल्ली. हे उघड्या फाइलमध्ये लिहून गिटवर चढवू नका. नंतर पुसलं तरी ते इतिहासात राहतं. अ‍ॅन्सिबल व्हॉल्ट हे साधन अशी फाइल एईएस-२५६ पद्धतीनं कुलूपबंद करतं, मग ती गिटमध्ये ठेवता येते. त्या कुलपाचा पासवर्ड कुठे ठेवायचा? इथे हुशार माणसंही गोल फिरतात. तो व्हॉल्टवॉर्डनमध्ये ठेवतात, व्हॉल्टवॉर्डन असतं त्याच सर्व्हरवर, आणि सर्व्हर गेला की तो उभा करायची किल्ली त्याच्याच पोटात. हा एक पासवर्ड आणि बॅकअपचा पासवर्ड कागदावर लिहा आणि कागदपत्रांच्या कपाटात ठेवा. माझे असेच आहेत, घराच्या खरेदीखताशेजारी.

सगळं लिहून झालं की लॅपटॉपवर एक रिकामी व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यात कोरं डेबियन टाका, प्लेबुक चालवा, मग बॅकअपमधून डेटा परत आणा आणि मुलांचा एखादा जुना फोटो उघडतो का बघा. मी हे दर वर्षी गणपतीच्या सुट्टीत करते. प्रत्येक वेळी काही ना काही हाती लागतंच: एखादं पॅकेज नाव बदलून बसलेलं, एखादा बदल घाईत हातानं केलेला आणि प्लेबुकात न लिहिलेला. हातानं केलेला बदल त्याच दिवशी प्लेबुकात गेला पाहिजे, एवढी एक शिस्त मात्र पाळावीच लागते.

प्रश्न: ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे. भाड्याच्या सर्व्हरवर डॉकरनं तीन-चार सेवा चालवतो. यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं वेबचे ८०, ४४३ आणि एसएसएच सोडून सगळे पोर्ट बंद केले आहेत, स्टेटसमध्येही तसंच दिसतं. तरी माझ्या मित्रानं त्याच्या खोलीवरून स्कॅन केलं तर ५४३२, म्हणजे माझा पोस्टग्रेस डेटाबेस, उघडा दिसला! फायरवॉल चालत नाहीये का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: फायरवॉल चालतेय, पण पोस्टग्रेसकडे येणारी पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरच्या माहितीचे तुकडे, तिच्या दारातून जातच नाहीत. तुझ्या मित्राला चहा पाज, त्यानं मोठं काम केलंय.

लिनक्समध्ये बाहेरून आलेलं पाकीट याच यंत्रासाठी असेल तर ते ‘इनपुट’ साखळीतून जातं आणि दुसरीकडे पाठवायचं असेल तर ‘फॉरवर्ड’ साखळीतून. यूएफडब्ल्यूचे तू लिहिलेले नियम इनपुटवर बसतात. डॉकर मात्र कंटेनरचा पोर्ट बाहेर काढताना आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉल नियमांच्या तक्त्यात, स्वतःचे नियम घालतं. पाकीट आत येताक्षणीच त्याचा पत्ता बदलून कंटेनरचा केला जातो, म्हणजे ते आता ‘दुसरीकडे’ जाणारं ठरतं आणि फॉरवर्डच्या वाटेनं निघून जातं. यूएफडब्ल्यूला ते दिसतही नाही. डॉकरच्या कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ते पान उघडेपर्यंत बहुतेकांचा डेटाबेस जगासमोर बसलेला असतो. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड न लावता इंटरनेटवर उघडे राहिलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसून त्यांच्या जागी खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या गेल्या होत्या. असे उघडे पोर्ट शोधायला कुणी माणूस बसत नाही. ते काम यंत्रं दिवसरात्र करत असतात.

उपाय सोपा आहे. डेटाबेसला कंपोज फाइलमध्ये, म्हणजे सेवा कशा चालवायच्या ते डॉकरला सांगणाऱ्या फाइलमध्ये, ‘पोर्ट्स’ हा भागच नको. पोस्टग्रेस आणि तो वापरणारी सेवा एकाच डॉकर नेटवर्कमध्ये असल्या की त्या एकमेकींना नावानं हाक मारतात, पोर्ट बाहेर काढायची गरजच नसते. बाहेर पोर्ट फक्त रिव्हर्स प्रॉक्सीनं काढायचे, ८० आणि ४४३. काही कारणानं यंत्रावरून डेटाबेसमध्ये जायचंच असेल तर पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिही, म्हणजे तो त्या यंत्रापुरता राहील. नेटवर ‘डॉकरचे आयपीटेबल्स बंद करा’ असाही सल्ला मिळेल. तो घेऊ नकोस, त्यानं कंटेनरचं नेटवर्कच मोडतं. नियम लावायचेच असतील तर डॉकरनं त्यासाठी ‘डॉकर-युझर’ नावाची साखळी मोकळी ठेवली आहे, ती वापर.

तू हे हातानं दुरुस्त करशील आणि पुढच्या महिन्यात नवी सेवा टाकताना तिच्या संकेतस्थळावरची कंपोज फाइल जशीच्या तशी चिकटवशील. तिच्यात ‘पोर्ट्स’ असणारच. म्हणून प्लेबुकच्या शेवटी एक तपासणी घाल: कोणकोणते पोर्ट सगळ्या पत्त्यांवर ऐकतायत ते बघ आणि ठरलेल्या यादीबाहेरचा एक जरी असला तरी प्लेबुक तिथेच थांबू दे. शिवाय अधूनमधून मोबाइलच्या डेटावरून, म्हणजे खरोखर बाहेरून, एनमॅप हे उघडे पोर्ट शोधायचं साधन चालव. आयपीव्ही६ वरही चालव, तिकडे कुणी बघत नाही.

जाता जाता: स्वतःला ‘डॉकर’ गटात टाकलं असशील तर तू व्यवहारात रूटच आहेस. त्या गटातला माणूस यंत्राची अख्खी डिस्क कंटेनरमध्ये जोडून काहीही करू शकतो. मित्रांना खाती देताना हे लक्षात ठेव.

प्रश्न: मॅडम, मी निवृत्त बँक कर्मचारी. मुलानं घरी सर्व्हर बसवून दिला आणि तो परदेशी गेला. घरात सगळं चालतं, पण बाहेरून उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, तरी नाही. मुलगा म्हणतो सीजीनॅट आहे. म्हणजे काय आणि यावर इलाज आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: काका, इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते जगात कमी पडले, म्हणून सेवा पुरवणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. तुमच्या राउटरला जो मिळतो तो कंपनीच्या आतला पत्ता. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या दाराशीच थांबते, ती कुणाच्या घरी पाठवायची हे तिथे कुणाला माहीत नसतं. ओळखायची खूण सांगते: राउटरच्या पानावर ‘वॅन’समोर दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल तर सीजीनॅट आहे. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग बरोबरच असणार, त्याच्यापर्यंत काही पोचत नाही इतकंच. काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्वतंत्र स्थिर पत्ता देतात, आधी विचारून बघा.

नाही दिला तरी वाट आहे, आणि मला ती जास्त आवडते. बाहेरून घरात येता येत नसलं तरी घरातून बाहेर जाता येतं. सार्वजनिक पत्ता असलेला एक अगदी लहान भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, घरच्या यंत्रानं स्वतःहून त्याच्याशी वायरगार्डचा बोगदा, म्हणजे दोन यंत्रांमधली कुलूपबंद वाट, जोडायचा, आणि तुमचे, मुलाचे फोन-लॅपटॉप त्याच बोगद्यातून घरी येतील. वायरगार्ड मार्च २०२० पासून लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायला मुलाला सांगा, नाहीतर काही वेळ शांत गेला की कंपनीचा राउटर ती जोडणी विसरून जातो.

वायरगार्डचं मला पटलेलं वैशिष्ट्य असं, की ओळखीच्या कीनं न आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही. स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: जी सेवा फक्त घरच्यांसाठी आहे, ती इंटरनेटवर उघडी ठेवायचं काहीच कारण नाही. फोटो, पासवर्ड, कागदपत्रं, सगळं बोगद्याच्या आत. भाड्याच्या यंत्रावर फक्त वायरगार्डचा पोर्ट उघडा ठेवायचा, नेहमीचा ५१८२०, यूडीपी. ते यंत्र हरवलं तरी त्याच्यावर तुमचा एकही कागद नाही.

टेलस्केल ही तयार सेवा वापरली तर याहून कमी कष्टांत हेच होतं, आणि मुलगा दूर असताना तुम्हाला तेच बरं पडेल. क्लाउडफ्लेअर या कंपनीचा टनेलही मिळतो, पण वेबसाइटसाठी तो नेहमीच्या पद्धतीनं वापरला तर कुलूप त्यांच्याकडे उघडतं आणि पुन्हा लागतं. म्हणजे मधला मजकूर त्यांना वाचता येऊ शकतो. ज्यानं घरी सर्व्हर ठेवायचा घाट घातला, त्यानं हे समजून मगच निवड करावी.

प्रश्न: स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा कोऱ्या यंत्रावर चालवून तपासत होते. अचानक लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं सर्टिफिकेट, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवणारं डिजिटल प्रमाणपत्र, देणं बंद केलं. आमच्याकडून काही गैर झालं का?
— एक वाचक, बंगळूर

उत्तर: गैर काही नाही. त्याच नावांच्या संचासाठी ते सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं देतात. तुम्ही दर वेळी यंत्र पुसलं, त्याबरोबर मिळालेलं सर्टिफिकेटही पुसलं आणि पुन्हा मागितलं. चाचणीसाठी त्यांचा वेगळा ‘स्टेजिंग’ सर्व्हर आहे, त्याची मर्यादा खूप सैल आहे. ब्राउझर त्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवणार नाही, पण तुमची पायरी चालते की नाही ते कळतं. प्लेबुकमध्ये एक चल (व्हेरिएबल) ठेवा: चाचणीत स्टेजिंग, खऱ्या यंत्रावर खरं. कॅडी हा रिव्हर्स प्रॉक्सी कंटेनरमध्ये चालवत असाल तर त्याचं डेटाचं फोल्डर कायमच्या व्हॉल्यूमवर असू द्या, म्हणजे कंटेनर बदलला तरी सर्टिफिकेट टिकेल.

सेवा बोगद्याच्या आत असतील तर डीएनएस पद्धतीनं, म्हणजे डोमेनच्या नोंदीतून मालकी दाखवून, सर्टिफिकेट घ्या, त्याला एकही पोर्ट उघडावा लागत नाही. व्हॉल्टवॉर्डनला तर घरातल्या घरातही एचटीटीपीएस लागतंच. कॅडीत यासाठी तुमच्या डोमेन कंपनीचा वेगळा मॉड्यूल घालून बांधणी करावी लागते, आणि डोमेनचं टोकन त्या एका डोमेनपुरतंच घ्या. सर्टिफिकेट संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केली आहे, तेव्हा मुदतीवर लक्ष ठेवणारी सोय स्वतः करा. मार्च २०२९ पासून दिलं जाणारं कुणाचंही सार्वजनिक सर्टिफिकेट ४७ दिवसांहून जास्त चालणार नाही. हातानं नूतनीकरण करायचे दिवस संपत आले.

प्रश्न: आमच्या जुन्या वाचनालयाची इतिवृत्तं, देणगी पावत्या, पत्रव्यवहार स्कॅन करून आम्ही पेपरलेस-एनजीएक्समध्ये ठेवतो. दोन अडचणी. मराठी मजकूर शोधात सापडत नाही. आणि सगळे कंटेनर एकदम अपडेट केल्यावर डेटाबेस सुरूच होईना. कसाबसा जुन्यावर परत आणला.
— वाचनालयाचे एक कार्यकर्ते, सातारा

उत्तर: तुमचं काम फार मोलाचं आहे, म्हणून दोन्ही अडचणी मुळापासून काढू.

पेपरलेस अक्षरं ओळखायला टेसरॅक्ट वापरतं आणि त्यात मराठी आहे, पण आपोआप बसत नाही. कंटेनरच्या सेटिंगमध्ये दोन वेगवेगळ्या ओळी आहेत: एकीत कोणत्या भाषांची पॅकेजं बसवायची ते, दुसरीत कागद वाचताना कोणत्या भाषा धरायच्या ते. दुसरीत मराठी आणि इंग्रजी दोन्ही द्या, कारण पावत्यांवर दोन्ही असतात. दोन्ही ओळी प्लेबुकच्या टेम्प्लेटमध्येच लिहा. आधी चढवलेल्या कागदांवर ओळख पुन्हा चालवावी लागेल. ती रात्री लावून ठेवा, जुन्या यंत्राला वेळ लागतो. तीनशे डीपीआयला स्कॅन करा. छापील मजकूर चांगला निघेल. हस्तलिखित इतिवृत्तं आणि मोडी यातून नीट निघतील अशी अपेक्षा धरू नका. त्या कागदांना विषय, साल, व्यक्ती अशी लेबलं हातानंच लावावीत. ते काम वाचनालयातली जाणती माणसंच नीट करू शकतील.

डेटाबेसचं कारण बहुधा ‘लेटेस्ट’, म्हणजे ‘सर्वांत नवी आवृत्ती घे’, हा टॅग. पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती बदलली की नवी आवृत्ती जुन्याच्या डेटा फायली थेट उघडत नाही. जुन्या आवृत्तीतून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची बाहेर लिहिलेली प्रत, काढायचा आणि नव्या आवृत्तीत भरायचा असतो. म्हणून प्रत्येक कंटेनरचा आवृत्ती क्रमांक प्लेबुकमध्ये स्पष्ट लिहा. अपडेट म्हणजे तो क्रमांक बदलून, त्या सेवेचं निवेदन वाचून, आधी बॅकअप घेऊन प्लेबुक चालवणं. एका वेळी एकच सेवा. कुणी नेक्स्टक्लाउड वापरत असेल तर त्यांनी हेही लक्षात ठेवावं, की त्याच्या मुख्य आवृत्त्या एकेक करूनच चढाव्या लागतात, मधली गाळता येत नाही. डेबियनची सुरक्षा अपडेट आपोआप, कंटेनरची स्वतःच्या हातानं, अशी विभागणी मी वर्षानुवर्षं पाळते.

बॅकअपमध्ये चालू डेटाबेसचं फोल्डर नुसतं उचलू नका. लिहिणं चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट असू शकते. आधी डंप, मग तो डंप आणि कागदांचं फोल्डर रेस्टिक या बॅकअपच्या साधनानं एकत्र. रेस्टिक सगळं कुलूपबंद करूनच ठेवतं, त्यामुळे दुसरी प्रत एखाद्या विश्वस्ताच्या घरी ठेवायला हरकत नाही. एकाच इमारतीत दोन्ही प्रती मात्र नकोत.

प्रश्न: माझे मिस्टर बोटीवर असतात, सहा-सहा महिने घरी नसतात. आमचे सगळे फोटो, पासवर्ड, विम्याची कागदपत्रं त्यांनी घरच्या सर्व्हरवर ठेवली आहेत. ते म्हणतात सगळं स्क्रिप्टमध्ये आहे, काळजी करू नकोस. पण ते समुद्रात असताना बंद पडलं तर मी काय करायचं? मला कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही.
— एक गृहिणी, रत्नागिरी

उत्तर: वहिनी, तुमचा प्रश्न आजच्या सगळ्या पत्रांत मला महत्त्वाचा वाटला. स्क्रिप्ट ज्यानं लिहिली त्यालाच चालवता येत असेल, तर काम अर्धंच झालंय. ते घरी येतील तेव्हा हे पान त्यांच्यासमोर ठेवा आणि पुढच्या गोष्टी त्यांच्याकडून मागून घ्या.

पहिली, वीज. तुमच्याकडे पावसाळ्यात दिवे जातात तेव्हा सर्व्हर बंद पडतो आणि परत आपोआप चालू होत नाही, असं असेल तर बायोसमध्ये वीज आल्यावर यंत्र सुरू व्हावं असं एक सेटिंग असतं, ते लावून घ्या. राउटर आणि सर्व्हर दोन्हींना छोटा यूपीएस हवा. बहुतेक वेळा बिघाड एवढाच असतो.

दुसरी, एक कागद. त्यावर साध्या मराठीत: यंत्र कुठे आहे, बंद-चालू कसं करायचं, बॅकअपच्या दोन प्रती कुठे आहेत, अ‍ॅन्सिबल व्हॉल्टचा आणि बॅकअपचा पासवर्ड, डोमेन आणि भाड्याचा सर्व्हर असेल तर त्यांची नावं आणि दर वर्षी कोणत्या तारखेला पैसे भरायचे. डोमेनचे पैसे चुकून राहिले तर सगळं एकदम बंद होतं आणि यंत्रात काहीच बिघडलेलं नसतं, त्यामुळे कुणाला कारण सापडत नाही. हा कागद एका पाकिटात, दुसरी प्रत माहेरी किंवा जवळच्या नातेवाइकांकडे.

तिसरी, कागदपत्रांची आणि फोटोंची एक प्रत साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर, कुठलंही सॉफ्टवेअर न लागता उघडेल अशी. ही प्रत कुलूपबंद नसल्यामुळे ती घरातच, कपाटात. इमिचमधले मूळ फोटो फोल्डरमध्ये साध्या फायली म्हणूनच असतात, तेव्हा हे अवघड नाही. पासवर्डांची मात्र वेगळी, पासवर्ड लावलेली निर्यात हवी आणि तिचा पासवर्ड त्याच पाकिटात. विम्याची आणि बँकेची मूळ कागदपत्रं कागदावरच असू द्यात.

चौथी, एक माणूस. ओळखीतला, लिनक्स जाणणारा कुणी भाचा-पुतण्या, ज्याला ते पाकीट आणि प्लेबुक देऊन ‘नव्या यंत्रावर उभं कर’ म्हणता येईल. तुमचे मिस्टर सुट्टीवर असतानाच त्याच्याकडून एकदा करून घ्या. मिस्टरांनी शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही आणि तोंडीही काही सांगायचं नाही. तो मुलगा जिथे अडेल, तेवढं त्या कागदावर लिहायचं राहिलंय.